दुसऱ्याच्या हाताची टेप

गॅरेजचं शटर वर गेलं तसा आतून मांजरांच्या मुताचा भपकारा आला आणि ओडील दोन पावलं मागे सरला. कोंबड्या कापायच्या कारखान्यात उभं आयुष्य घालवलेला हा माणूस. पिसं, रक्त, आतडी यांच्या वासात त्याने खुशाल पाव-चीज खाल्लं होतं. पण इथे त्याने नाकाला रुमाल लावला.

“मांजरं पपांची, नाकं आमची,” शटर उचलणारी बाई म्हणाली. तिचं नाव हिल्डा. इंटरनेटवरची जाहिरात तिनेच टाकली होती : रेसची सायकल, लाल, उंच माणसाच्या मापाची, पावसात कधी नेलेली नाही. “या ना आत. मागच्या भिंतीला टांगलीय बघा.”

सायकल खरोखर देखणी होती. म्हणजे लांबून. जवळ गेल्यावर ओडीलला वरच्या दांडीवर गोड सरबताचे सुकलेले ओघळ दिसले आणि त्यांत अडकून मेलेली चिलटं दिसली. सीटच्या खाली काहीतरी पिवळं, खरपुडीसारखं साठलं होतं. ते काय असावं याचा विचार त्याने केला नाही. रेस मारणारा माणूस चालत्या सायकलवरच शिंकरतो, थुंकतो, आणि वारा ते परत त्याच्याच सायकलवर आणून टाकतो. ओडीलला हे ठाऊक होतं. एके काळी त्याच्या सायकलवरही असंच असायचं. पण तो रोज पुसायचा. या माणसाने कित्येक वर्षांत फडका मारला नव्हता.

“पावसात नेली नाही ते ठीक, पण आंघोळ कुठे घातलीय?” तो म्हणाला.

हिल्डा हसली. “तुम्ही घाला. म्हणून तर भाव कमी ठेवलाय.”

ओडीलला सायकल हवीच होती. नऊ वर्षं तो सायकलवर बसला नव्हता. निवृत्त झाल्यापासून दिवसभर खिडकीतल्या खुर्चीत बसायचा आणि रविवारी सकाळी रंगीत बनियनांतल्या सायकलवाल्यांचा घोळका समोरच्या रस्त्याने सर्रकन गेला की पेपर तोंडासमोर धरायचा. त्याची बायको गोदलीव्ह हे बघून बघून विटली होती. “पोटाचा तेवढा घेर वाढतोय, बाकी सगळा माणूस आटत चाललाय,” ती म्हणायची. “एक तर जा त्यांच्यात, नाही तर खुर्ची तरी फिरवून ठेव.” त्याला जायचंच होतं. मार्लीनच्या कॅफेसमोर रविवारी जमणाऱ्या त्या माणसांत परत उभं राहायचं, आणि कुणी हसलं तरी उभंच राहायचं, एवढं मनाशी ठरवून तो शेजारच्या गावात या अनोळखी बाईच्या दारात आला होता.

पण ती तेवढी अनोळखी नव्हती. मागे कुबडीची टकटक झाली आणि ओळखीचा आवाज आला.

“कोण आलंय गं? अरे! ओडील! कोंबड्यांचा यमदूत! जिवंत आहेस अजून?”

“आहे. आणि त्यात तुझा काही हात नाही.”

वालेर होता तो. गावातलं घर विकून लेकीकडे राहायला आला होता, हे ओडीलच्या कानावर होतं, पण लेकीचं सासरचं आडनाव त्याला कुठून माहीत असणार? वालेर सुजला होता. खालचा ओठ लोंबत होता आणि त्यावर ओल साचली होती. हाच माणूस पंचक्रोशीतला पन्नाशीवरचा चँपियन. मार्लीनच्या कॅफेत दारासमोरच त्याचा फोटो टांगलेला : गळ्यात फुलं, खांद्यावर खारवलेली डुकराची मांडी. गावच्या जत्रेतल्या शर्यतीचं ते बक्षीस.

नऊ वर्षांपूर्वीच्या त्या शर्यतीत ओडील दुसरा आला होता. चॅपेलच्या दगडी चढणीवर बाकी सगळे गळाले. ओडील मात्र वालेरच्या मागच्या चाकाला वीतभर अंतरावर चिकटून राहिला आणि वरपर्यंत गेला, पण त्याला सायकल पुढे काढता आली नाही. संध्याकाळी कॅफेत वालेरने ग्लास उंचावून सगळ्यांदेखत म्हटलं, “माझं चाक गोड असणार बुवा. ओडीलनं दिवसभर चोखलं!” त्या मुलखात सायकलवाल्याला चोर म्हणा, बायकोचा गुलाम म्हणा, तो हसून सोडून देईल. पण चाकचोख्या म्हटलं की संपलं. चाकचोख्या म्हणजे दुसऱ्याच्या आडोशाने वारा चुकवणारा, स्वतः कधी पुढे होऊन छाती न देणारा. पुढच्या रविवारी ओडीलच्या हँडलला कुणीतरी तान्ह्या पोराची चोखणी बांधून ठेवली. त्याच्या पुढच्या रविवारीही. बेकरीतली पोरगी त्याला पाव देताना ओठांचा चंबू करायला लागली, तेव्हा त्याने सायकल विकून टाकली.

“सायकल बघायला आलास?” वालेरने विचारलं. “तू?” त्याचा चेहरा एकदम उतरला. “हिल्डा, ही द्यायची नाहीये.”

“पपा! काल जेवताना काय ठरलं आपलं?”

“ती निळी दे त्याला. निळी जास्त चांगली आहे.”

“निळी बायकी मापाची आहे. ह्यांचे गुडघे हनुवटीला लागतील.”

“मग नाही द्यायची म्हणतोय ना!”

“तुमची कंबर मोडलीय पपा, आता तुम्ही तिच्यावर बसणार ते थेट स्वर्गाच्या रस्त्याला. मला ही जागा रिकामी हवीय.” ती ओडीलकडे वळली. “घेऊन जा हो तुम्ही. जीव अडकलाय म्हातारबांचा, दुसरं काही नाही.”

ओडीलला क्षणभर वालेरची कीवच आली. आपणही आपली सायकल विकली त्या दिवशी जेवलो नव्हतो, हे त्याला आठवलं. भाव ठरला. सायकल खाली घेताना हाताला जड लागली, तसं त्याने बोलूनही दाखवलं.

“जुनी घडण आहे,” वालेर घाईने म्हणाला. “मजबूत. आणि हे बघ, ती हँडलवरची टेप तशीच राहू दे. अस्सल चामड्याची आहे, आणखी दहा वर्षं टिकेल. किंवा असं कर, आज ठेवून जा, मी नवीन गुंडाळून देतो. शनिवारी ये.”

ओडील थांबला. हिल्डासुद्धा बापाकडे बघायला लागली. त्या मुलखात कुणी दुसऱ्याच्या हँडलला टेप गुंडाळत नाही. जुनी सायकल घेतली की पहिली गोष्ट, आधीच्या माणसाची टेप सोलून टाकायची आणि आपली आपल्या हाताने लावायची. किती घट्ट, कुठे दुहेरी, अंगठा कुठे टेकणार, हे ज्याचं त्याने ठरवायचं. बाप मुलाला हे एकदा दाखवतो, परत हात लावत नाही. वालेरला हे सांगायला नको होतं.

“तू मला टेप लावून देणार?” ओडील म्हणाला. “मग नाकही पुसून देशील. राहू दे.”

तो सायकल घेऊन निघाला. वालेर कुबडीवर रेलून शटरपाशी उभा राहिला आणि कोपऱ्यापर्यंत त्याच्याकडे बघत राहिला.

घरी गोदलीव्हने सायकल उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. “मागच्या अंगणात. आणि ते हातमोजे घाल, कोंबड्यांचे. श्शी! ह्यावर माणूस बसत होता का डुक्कर?”

“चँपियन बसत होता.”

“कुठला?”

“वालेर.”

गोदलीव्हच्या हातातली बादली अंगणात आदळली. “त्याची सायकल आणलीस तू? त्याची? अरे, लाज कशाशी खातात?”

“सायकलचा काय दोष?” असं म्हणून ओडीलने टेप सोलायला घेतली.

टेप एके काळी पांढरी होती. आता ती काळी, चिकट, जागोजागी मेणासारखी झाली होती. टोक उचललं आणि खालून जो वास आला तो जुन्या चीजचा नव्हता, ओल्या मोज्यांचा नव्हता, दोन्ही एकत्र करून बंद डब्यात उन्हाळाभर ठेवल्यासारखा होता. एकेक वेढा सुटताना चर्र आवाज करत होता. आतल्या बाजूला पिठासारखं मीठ, मेलेल्या कातडीचे पापुद्रे, दोन-चार आखूड केस. वालेरच्या हातांचा सगळा घाम त्या घड्यांत मुरून राहिला होता, आणि सुटलेली टेप ओडीलच्या मनगटावर ओघळून चिकटत होती. गोदलीव्ह तोंड फिरवून उभी राहिली, पण गेली नाही.

उजव्या बाजूला, जिथे अंगठा टेकतो तिथे, टेपखालून एक बटण निघालं. वाटाण्याएवढं, काळं.

“घंटी आहे का?” गोदलीव्ह वाकून बघत म्हणाली.

“रेसच्या सायकलला घंटी? उद्या टोपलीसुद्धा लावशील.”

“मग काय आहे?”

ओडीलला कळेना. बटणातून एक बारीक तार निघाली होती. ती हँडलला चिकटून गेली होती आणि पुढे एका भोकातून फ्रेमच्या आत शिरली होती. भोकावर लाल रंगाचा ठिपका मारून ते झाकलेलं. त्याने सीट ढिली केली, तिची दांडी उपसून काढली आणि फ्रेमच्या नळीत टॉर्चचा उजेड टाकला. तळाशी काकडीएवढं काहीतरी चमकत होतं. खालचा स्क्रू काढून सायकल उलटी केली, दोनदा ठोकली, तेव्हा ते तेलकट वंगणात बरबटलेलं घसरत बाहेर आलं आणि गवतावर पडलं. मागे तार.

छोटी मोटर होती, पायडल आतून फिरवून देणारी.

ओडील अंगणातल्या उलट्या बादलीवर बसला. कितीतरी कोंबड्यांच्या पोटात हात घालून त्याने आतलं सगळं एका ओढीत बाहेर काढलं होतं, कधी काही वाटलं नव्हतं. आता ती तार फ्रेममधून ओढताना मात्र त्याच्या तोंडाला पाणी सुटलं, कडू, ओकारीच्या आधी सुटतं तसं. चढण डोळ्यांसमोर आली. चॅपेलच्या त्या दगडांवर प्रत्येक जण सीटवरून उठून उभा राहतो, राहावंच लागतं, दुसरा इलाजच नाही. वालेर उठला नव्हता. तळापासून वरपर्यंत सीटवर बसून गेला होता, मांडीवर ताट घेऊन जेवायला बसल्यासारखा. आणि आपण मागून ती पाठ बघत मनात म्हणत होतो : काय माणूस आहे! काय पाय आहेत! गेली नऊ वर्षं खुर्चीत बसूनही हेच म्हणत आलो.

“म्हणजे तो...” गोदलीव्ह म्हणाली.

“हो.”

“आणि तू त्याच्या मागे वरपर्यंत गेलास. नुसत्या पायांनी.”

ओडीलने ते ऐकलं नाही. तो हातमोजे काढून हात धूत होता. त्याने परत साबण लावला, परत धुतले, तरी बोटं हुंगून बघितली.

दुसऱ्या दिवशी तो मोटर पेपरात गुंडाळून वालेरकडे गेला. हिल्डा कामावर गेली होती. वालेर स्वयंपाकघरात खारवलेला हेरिंग मासा शेपटीला धरून तोंडात सोडत होता आणि तेल त्याच्या हनुवटीवरून गळ्यातल्या फडक्यावर ठिबकत होतं. पायाशी दोन मांजरं. ओडीलने पुडकं टेबलावर ठेवून उघडलं.

वालेर चावायचा थांबला नाही. “टेप काढलीसच,” तो म्हणाला. “म्हटलं होतं मी, राहू दे.”

“एवढंच बोलायचंय तुला?”

“बस ना. मासा खाणार? बरं, राहिलं. हे बघ गड्या, कोण काय घेत नव्हतं? कुणी गोळ्या, कुणी सुया. मी निदान अंगात काही घातलं नाही. सायकलमध्ये घातलं.” स्वतःच्याच विनोदावर तो हसला आणि माशाचा एक तुकडा टेबलावर उडाला. मग तो पुढे झुकला, आवाज खाली आणला. “तुला एक सांगतो. आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही. त्या दिवशी चढणीच्या तळालाच बटण दाबलं होतं मी. सोडलंच नाही. वर पोचेपर्यंत बॅटरी संपत आली होती, आणि मागे वळून बघतो तर तू! तोंड उघडं, डोळे पांढरे, पण चाकाला चाक. घाबरलो मी. आईशपथ. असला गडी मी दुसरा बघितला नाही.”

आणि त्याने आपला तेलकट हात ओडीलच्या मनगटावर ठेवला, बक्षीस द्यावं तसा.

ओडीलने हात झटकून पँटला पुसला. “आणि संध्याकाळी कॅफेत मला चाकचोख्या ठरवलंस.”

“काहीतरी बोलायला हवं होतं ना. सगळे माझ्या पायांकडे बघत होते. मी त्यांना तुझं तोंड दाखवलं.” वालेरने फडक्याने हनुवटी पुसली. “मनात काही नव्हतं रे. आता हे बोंबलत फिरणार का गावभर? माझी नात शर्यतींत उतरतेय यंदा. तिच्यापायी तरी गप्प बस. त्या मांडीतली अर्धी मी तेव्हाच द्यायला हवी होती तुला, चुकलंच ते.”

अर्धी मांडी! ओडीलला वाटलं, या माणसाच्या तोंडावर थुंकावं. पण त्या तोंडाला काही लावायचं म्हणजे त्याच्याशी आणखी काही देवाणघेवाण करण्यासारखंच होतं. त्याने मोटर परत गुंडाळली आणि बाहेर येऊन फाटकाशी ओकला. सकाळची सगळी कॉफी गेली. एक मांजर लगबगीने हुंगायला आलं.

रविवारी त्याने ती सायकल घासूनपुसून बाहेर काढली. हँडल उघडंच ठेवलं. तारेचा तुकडा आणि बटण मुद्दाम तसंच लोंबतं ठेवलं. गोदलीव्ह दारात उभी होती. “बोलून टाक सगळं,” ती म्हणाली. “आणि त्यांची तोंडं नीट बघून ये. मला सांगायचीत.”

कॅफेसमोर घोळका जमला होता. मांड्यांना चोळलेल्या कापराचा वास, कॉफीचा वास, घट्ट बनियनांतून बाहेर आलेली पोटं. ओडीलला पाहून नोर्बेर पुढे आला. नोर्बेर म्हणजे घोळक्याचा म्होरक्या. कुठला रस्ता, कुठे थांबायचं, सगळं तो ठरवणार.

“बघा बघा, मेलेला उठून आला! ये बाबा, ये. मार्लीन, ह्याला कॉफी दे, दुधाची बाटलीच दे!”

हशा पिकला. ओडीलने सायकल खिडकीला टेकवली, खिशातून पुडकं काढलं आणि बाहेरच्या टेबलावर कपबशांच्या मधोमध मोटर ठेवली.

“वालेरच्या सायकलमधून निघाली,” तो म्हणाला. “जत्रेच्या शर्यतीत होती. त्यानं स्वतः कबूल केलंय.”

त्याला वाटलं होतं, आरडाओरडा होईल. कुणी तरी शिवी हासडेल, कुणी आत जाऊन तो फोटो ओढून काढेल. सगळ्यांनी मोटरीकडे बघितलं. कुणी ती उचलली नाही. योरिस नावाचा एक बारका माणूस बुटाची पट्टी घट्ट करायला खाली वाकला आणि वाकूनच राहिला.

“हां,” नोर्बेर म्हणाला. “हीच का ती.”

“हीच का ती म्हणजे?”

“अरे ओडील, घरघर येत होती ना तिची. कॉफी दळायच्या यंत्रासारखी. आम्ही काय बहिरे होतो?”

“तुला ऐकू आली नाही?” वाकल्या वाकल्या योरिस म्हणाला. “तू तर सगळ्यांत जवळ होतास.”

ओडीलला ऐकू आली नव्हती. त्या चढणीवर त्याच्या कानांत फक्त स्वतःचा श्वास होता.

“तुम्हाला माहीत होतं,” तो म्हणाला. “त्या दिवशीच?”

“माहीत म्हणजे... अंदाज होता,” मार्लीन दारातून म्हणाली. ट्रे तिने छातीशी धरला होता. “आता उगाच कशाला उकरायचं? वालेरचा मेव्हणा जत्रेच्या कमिटीवर होता. बनियनं त्यानंच दिली सगळ्यांना. त्या रात्री बिअरसुद्धा वालेरचीच.”

“आणि चोखणी?”

योरिसने दुसऱ्या बुटाची पट्टी सोडून बांधायला घेतली.

“चोखणी कुणी बांधली?”

“माझ्या बायकोनं आणली होती,” नोर्बेर म्हणाला, आणि त्याला हसू आवरेना. “गड्या, गंमत होती ती! तूच मनाला लावून घेतलंस. आम्हाला वाटलं होतं, पुढच्या रविवारी हसत येशील. चल, झालं गेलं. पाण्याची बाटली भर. आज वारा पाठीशी आहे, कालव्याच्या कडेनं जाऊ, परत येताना तू आपला मध्ये राहा, आम्ही आडोसा देतो तुला.”

ओडीलने त्यांची तोंडं नीट बघितली. बायकोने सांगितलं होतं म्हणून नव्हे. नऊ वर्षं ही तोंडं त्याच्या डोळ्यांसमोर होती आणि ती नेहमी त्याच्याकडे वरून बघत होती. आता ती समोर होती : कॉफीचा फेस मिशीला लागलेलं, थंडीने नाक गळत असलेलं, ओठ चाटणारं. एकालाही लाज वाटत नव्हती. फक्त उशीर होतोय म्हणून चुळबुळ चालली होती. वालेरच्या घरी तो ओकला होता. इथे नुसती शिसारी होती, कोरडी, नखापासून डोक्यापर्यंत.

“मग? येतोस ना?” नोर्बेर म्हणाला. “का माफीबिफी हवीय? मांडी हवीय?”

“काही नको. तुम्ही किती वाजता निघता एवढं विचारायला आलो होतो.”

“साडेआठ. नेहमीचीच वेळ.”

“बरं झालं सांगितलंस. म्हणजे त्या वेळी कुठल्या रस्त्याला नसायचं ते कळलं.”

मोटर त्याने तिथेच कपबशांत ठेवली. ती कुणाला तरी हात लावून उचलावी लागेल, हे त्याच्या मनात आलं आणि तेवढंच त्या सकाळी त्याला जरा बरं वाटलं. सायकलला लोंबणारी तार त्याने एक हिसका देऊन तोडली, बटणासकट रस्त्यात टाकली आणि कालव्याच्या उलट्या दिशेला, वारा तोंडावर घेत निघाला. मागून नोर्बेर ओरडला, “अरे, तिकडे मरशील! समोरून वारा आहे!”

ते अगदी खरं होतं. उघड्या धातूच्या हँडलवर हात गारठले आणि घसरायला लागले. गावाबाहेरच्या पहिल्याच पुलापर्यंत छाती भात्यासारखी झाली, डोळ्यांतून पाणी आलं, तोंडातून थुंकी दाढीवर. पोरं घेऊन चाललेली एक बाई साध्या सायकलवरून त्याला मागे टाकून गेली आणि जाताना नमस्कारही करून गेली. चॅपेलची चढण समोर आली तेव्हा तो निम्म्यातच उतरला. सायकल ढकलत वर नेली आणि वर भिंतीला टेकून बराच वेळ खोकत बसला.

घरी पोचला तेव्हा गोदलीव्ह बटाटे सोलत होती. “कशी होती तोंडं?” तिने मान वर न करता विचारलं.

“जेवल्यावर सांगतो. आत्ता सांगितलं तर जेवण जाणार नाही.”

“आणि सायकल? विकायची?”

ओडील सिंकवर वाकून तोंड धूत होता. “चेन बदलायला पाहिजे,” तो पाण्यातूनच म्हणाला. “आणि दुकानात गेलीस की टेप आण. कुठल्याही रंगाची चालेल.”